जिवंत चुना

बुधवार, ३ नोव्हेंबर

चि. मास्तरीणबाई,

अक्षर बघूनच तू पाकीट फाडून टाकशील, म्हणून वरचा पत्ता मी लिहिलेला नाही. दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून लिहून घेतला. त्याचं अक्षर बरं आहे आणि त्याच्यावर तुझा राग असायचं काही कारण नाही.

आधी हे सांगतो की घरात कुणी गेलेलं नाही. एकोणीस वर्षांनी बापाचा कागद आला म्हणजे माणूस तेवढंच धरून चालतो. आई आहे, मी आहे. बाकी मग वाच किंवा वाचू नकोस.

परवा रक्तदाब मोजायला गेलो होतो. बाकावर पाळीची वाट बघत बसलो होतो, तेव्हा कंपाउंडरनं एक साप्ताहिक माझ्यापुढे टाकलं. म्हणाला, "काका, हे नाव तुमच्या घरातलं ना?" नाव बघितलं. फोटो बघितला. तुला चष्मा लागलेला मला माहीत नव्हतं. कपाळ तुझ्या दादाचंच आहे, तेव्हा इतकं दिसत नव्हतं, आता दिसतं. आत गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "आजोबा, जिना चढून आलात का धावत?" दवाखाना तळमजल्यावर आहे. आता रोज दीड गोळी घ्यायला सांगितली आहे, म्हणजे तुझ्या लेखाची मला अर्धी गोळी पडली.

लेख मी चार वेळा वाचला. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, ते तुला ठाऊक आहे, पण तू सोपं लिहिलं आहेस. एका इंग्रजी विशेषणाची वंशावळ. क्विक. आज त्याचा अर्थ जलद, चटपटीत. पण हजार वर्षांमागे गेलं तर जलद नव्हेच, जिवंत. आणि त्याहून मागे गेलं तर हा क्विक आणि आपला जीव ही एकाच आजीची नातवंडं, एक तिकडे गेलं, एक इकडे राहिलं. जे जिवंत ते हलतं, जे हलतं ते चपळ, असं करत करत सातशे वर्षांपूर्वी शब्द घाईवर आला, आणि मूळचा अर्थ मागच्या मागे मेला. उरला तो चार कोपऱ्यांत. नखाखालच्या मांसाला ते लोक अजून तो शब्द लावतात. पोटात बाळ पहिल्यांदा हललं की लावतात. पाऱ्याला लावतात. आणि चुन्याला.

तुझ्या लेखात जागोजागी सनावळ्या आहेत. हा अर्थ अमक्या साली पहिल्यांदा सापडतो, तो तमक्या साली. तुमच्या कोशाच्या कचेरीत हेच काम असतं का, कुठला शब्द कोणत्या तारखेला काय होता ते बघायचं? चांगलं आहे. सावलीतलं काम आहे.

चुन्याच्या गोण्यांवरचं ते इंग्रजी, क्विकलाइम, मी तीस वर्षं पाहिलं. मला वाटायचं, झटपट तयार होणारा माल म्हणून तसं लिहीत असतील. मालकालाही तेच वाटत असणार. आम्ही मात्र भट्टीवर चुन्याला जिवंत आणि मेलेला असंच म्हणत आलो, आम्हाला कुणी इंग्रजी शिकवलं नव्हतं. भट्टीतून निघालेला दगड जिवंत, पाणी पिऊन उकळून थंड झाला की मेला. आणि जीव हा शब्द आपल्याकडे कोपऱ्यात वगैरे गेलेला नाही बरं का. तो टांगणीला लागतो, वरखाली होतो, कासावीस होतो. माझा दिवसातून चारदा होतो.

आता विचारायचं ते विचारतो. शेवटी तू लिहिलं आहेस की "मी ज्या घरात वाढले तिथली माणसं चुन्याला जिवंत आणि मेलेला म्हणत." ही ओळ घालायची काय गरज होती? आणि त्यानंतर, "शब्दाचा अर्थ मरतो तेव्हा त्याला कुणी मारलेलं नसतं, माणसं फक्त दुसरीकडे बघत असतात." हे कुणासाठी लिहिलंस? चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं म्हणशील. म्हण. मी आपलं विचारलं.

साप्ताहिक मी विकत घेतलं आणि रक्तदाबाच्या कागदांच्या फायलीत ठेवलं. आईला दाखवलेलं नाही. तिला हे पत्रही माहीत नाही. उत्तर देऊ नकोस. द्यायचंच झालं तर दवाखान्यात, कंपाउंडरच्या नावाने.

तुझा बाप


रविवार, २१ नोव्हेंबर

चि. मास्तरीणबाई,

तुझं अर्धं पान पोचलं. कंपाउंडरनं ते मला औषधाच्या पुडीत घालून दिलं, वर म्हणाला, "काका, या वयात चिठ्ठ्या?" तोंडाळ आहे, पण पोटात ठेवणारा आहे.

तू तीन गोष्टी विचारल्यास. पहिली, आई कशी आहे. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, शस्त्रक्रिया नको म्हणते. डाव्या कानाने ऐकू येत नाही. गुडघे बोलतात. पण घर तिच्याच हातात आहे. सकाळी पाणी भरते, मला आंघोळीला पाणी काढून देते, गोळ्या हातावर ठेवते आणि गिळेपर्यंत समोर उभी राहते. मला स्वतःला गोळ्यांचे रंग कळत नाहीत, कळले तरी वेळ लक्षात राहत नाही. तिच्याशिवाय मी आठवडाभर टिकणार नाही, हे मी कौतुकाने सांगत नाही, आहे ते सांगतो.

ती तुझं नाव घेते का, हे तू विचारलं नाहीस, पण विचारायचं होतं ते कळलं. घेत नाही. कुणी विचारलं की मुलं किती, तर म्हणते, "दोन होती." मी बाजूला असलो तर गप्प बसतो.

दुसरी गोष्ट, माझी तब्येत. ती मागच्या पत्रात आली आहे.

तिसरा प्रश्न मला नीट उमगला नाही. तू लिहितेस: "ती पाटी पुसलेली मला आठवते. ती खाली काढलेली आठवत नाही. माझ्या हातात ती कुणी दिली?" एकोणीस वर्षांनी हे काय काढलंस? कामाची सवय लागली म्हणून घरातही सगळ्याच्या तारखा लावत बसायचं का?

सगळ्यांना ठाऊक आहे तेच मी पुन्हा सांगतो. आपल्याकडे चार हौद होते. हौदात जिवंत दगड टाकायचा, पाणी सोडायचं, तो उकळायचा, फुटायचा, आणि मग सात दिवस तसाच निववायचा. वर साय धरते, दह्यासारखी, हात लावला तर गार. पण जास्त भाजलेला एखादा खडा आत तसाच बसलेला असतो, तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी जागा होतो. म्हणून सात दिवस. ज्या दिवशी पाणी सोडलं ती तारीख पत्र्याच्या पाटीवर डांबराने लिहून पाटी त्या हौदाच्या खिळ्याला टांगायची. सातवा दिवस भरला की माणसं बूट घालून आत उतरणार आणि फावड्याने चुना कापून वर देणार. हौद रिकामा झाला की पाटी खाली काढायची आणि रॉकेलने पुसायची. पाटी बघितल्याशिवाय पाय नाही, हा नियम मीच घातला होता, मुकादम म्हणून. माझं अक्षर कोंबडीचं, म्हणून लिहायचं आणि पुसायचं काम तुझं. माणसं तुला मास्तरीण म्हणायची ती त्यामुळे. सतरा वर्षांची मास्तरीण.

त्या दिवशी पंधरा तारीख होती. पहिल्या हौदावर आठ तारखेची पाटी होती, त्याचे सात दिवस भरले होते, तो सकाळच्या पाळीने कापून रिकामा केला. तिसऱ्या हौदावर बारा तारखेची पाटी होती. तू दुपारी पहिल्या हौदाची पाटी काढून पुसायची, ती चुकून तिसऱ्याची पुसलीस, आणि आठ तारखेची तिसऱ्यावर गेली. दुपारच्या पाळीला दादानं ती वाचली आणि तो आत उतरला. तीनच दिवसांचा हौद. कमरेपर्यंत गेला.

हे चौकशीत लिहिलेलं आहे. तूही तेव्हा हो म्हणालीस. मग आता काय?

पत्र लांबलं. थंडी पडायला लागली आहे. गळ्याला काहीतरी गुंडाळत जा.

तुझा बाप


गुरुवार, ९ डिसेंबर

चि. मास्तरीणबाई,

जुनी मढी उकरण्यात काय सुख मिळतं तुम्हाला शिकलेल्या लोकांना? तू लिहितेस की शब्दांसाठी करतेस तशा त्या दुपारच्या चिठ्ठ्या केल्यास. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट, जेवढी खात्रीने आठवते तेवढीच. एक, मी शेडमध्ये पुस्तक वाचत होते. दोन, पाटी उलटी होती, तारीख खाली आणि कोरी बाजू वर. तीन, मी ती सुलटी केली आणि न बघता रॉकेलचा बोळा फिरवला, कारण डोळे पुस्तकात होते. चार, पाटी थंड आणि ओली होती, म्हणजे नुकती हौदावरून आली होती. पाच, मी उठले नव्हते. उठले असते तर पान कुठलं होतं ते विसरले असते, आणि ते मला अजून आठवतं. सहावी चिठ्ठी कोरी आहे, असं लिहितेस.

असू दे कोरी. जगात सगळं लिहिलेलंच असतं का? तुझी आई म्हणाली होती, "पुस्तकात तोंड खुपसून बसली आणि भाऊ खाल्ला." ते वाईट बोलली. पण आईचं काळीज होतं, तू मनावर घ्यायला नको होतं. घर सोडून मावशीकडे जायला तुला कुणी सांगितलं नव्हतं. गेलीस ती गेलीस. आता मला छळू नकोस. माझं वय चौऱ्याहत्तर आहे.


त्याच दिवशी, जेवणानंतर

वरचं पान फाडून दुसरं लिहिणार होतो. राहू दे. बाप कसा आहे ते तुला एकदा सगळं दिसू दे.

पाटी मी दिली.

हे तीन शब्द लिहून मी उठलो, अंगणात दोन फेऱ्या मारल्या, पुन्हा येऊन बसलो. आई शेजारी गेली आहे. यायला तासभर तरी लागेल.

त्या दिवशी एक ट्रक सकाळी भरून गेला. जेवणाच्या सुट्टीत दुसरा ट्रक आला. त्याच्याबरोबर मालक स्वतः. कुठल्याशा मोठ्या इमारतीचं काम होतं, सत्तर मजूर हात बांधून बसले होते म्हणे. मालक म्हणाला, "मुकादम, तिसरा हौद द्या." मी म्हणालो, "तीनच दिवस झाले." तो म्हणाला, "तुम्ही हात लावून बघा ना. एवढी वर्षं काय नुसती पाटी वाचता?" ते मला लागलं. मला त्याने माणसांदेखत असं बोलायला नको होतं. मी सळई घेतली आणि कोपऱ्यात खुपसली. बाहेर आली ती गार. दुसऱ्या कोपऱ्यात खुपसली, तीही गार. मधे खुपसली नाही. मधे फळी टाकून जावं लागतं, आणि मालक घड्याळाकडे बघत होता.

मी म्हणालो, "मेला आहे."

पण माणसं बारा तारखेच्या पाटीवर उतरणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. नियम मीच त्यांच्या डोक्यात हाणून बसवला होता. म्हणून मी पहिल्या हौदाची आठ तारखेची पाटी काढून तिसऱ्यावर टांगली. बारा तारखेची हातात राहिली. ती घेऊन तुझ्याकडे आलो. उलटी धरली. तुला म्हणालो, "पूस ही." तू हात पुढे केलास. पुस्तकातून वर बघितलं नाहीस. तू बघितलं असतंस तर मी काय केलं असतं, याचा मी एकोणीस वर्षं विचार केला आहे. तू बघू नयेस म्हणूनच मी त्या वेळी आलो होतो, हे खरं उत्तर.

तुझी सहावी चिठ्ठी भरली.

अजून आहे. दादाची पाळी तिथे नव्हती. तो भट्टीच्या तोंडाशी होता. हौदाच्या माणसांपैकी एक जण आला नाही, म्हणून तो आपण होऊन बूट घालून गेला. तो तिथे उतरेल असं माझ्या डोक्यातच नव्हतं. हे वाक्य मी स्वतःला खूपदा समजुतीसाठी सांगितलं, आणि एक दिवस ते मला नीट ऐकू आलं. म्हणजे दुसऱ्या कुणाचा मुलगा उतरला असता तर चाललं असतं, असं मी धरलं होतं. सळईची खात्री मला असती तर मी पाटी बदललीच नसती, मोकळेपणाने सांगितलं असतं की तीन दिवसांचा आहे पण मेला आहे.

आरडाओरडा झाला तेव्हा मी वजनकाट्यापाशी होतो. त्याला वर काढला तो मीच. पाणी ओत ओत ओतलं. तू शेडमधून पळत आलीस, पाटीकडे बघितलंस आणि म्हणालीस, "बाबा, मी बारा तारखेची पुसली." सगळ्यांसमोर म्हणालीस. मी काहीच बोललो नाही. तेवढंच केलं मी. आधी वाटलं, आता पोराला बघू, नंतर सांगू. मग चौकशीचा माणूस आला, त्यानं विचारलं, "पाट्या कोण पुसतं?" कुणीतरी म्हणालं, "मुकादमांची मुलगी." माझ्याकडे त्यानं बघितलं. मी मान हलवली. त्यानं प्रश्न बरोबर विचारला होता, पाट्या तूच पुसत होतीस. चौकशीत खोटं मी एकदाही बोललो नाही, इतका मी हुशार.

दादा चार दिवस होता. डोळ्यांवर पट्टी होती. बोलता येत नव्हतं असं मी तुम्हाला दोघींना सांगितलं. येत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं विचारलं, "बाबा, पाटी आठ तारखेचीच होती ना? मी नीट वाचली होती." मी म्हणालो, "हो, तू नीट वाचलीस." मला वाटलं झोप लागली. मग म्हणाला, "मास्तरणीला काही बोलू नका. ती आधीच घाबरट आहे." मी ते ऐकलं आणि तिथेच पुरलं. तुला सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, मला का बोलतील? मग सगळी पाटी सुलटी करावी लागली असती.

आता एक मागणं आहे. हे तुझ्यात आणि माझ्यात राहू दे. आईला सांगू नकोस. मी गेल्यावर सांग, तेव्हा पाहिजे तर माझ्या नावाने थुंकू दे तिला. माझे आता किती दिवस राहिले आहेत? तिच्या हातचं पाणी पिऊन जाऊ दे मला. तू तरुण आहेस, तुला तुझं काम आहे, नाव छापून येतं. एवढं झाकलंस तर तुझं काय जाणार आहे?

आई आली. फाटकाचा आवाज झाला.

तुझा बाप


रविवार, २ जानेवारी

चि. मास्तरीणबाई,

पंधरा-वीस दिवस मी रोज दवाखान्यात जात होतो. कंपाउंडर म्हणाला, "काका, रक्तदाब रोज मोजला म्हणून उतरत नाही." काल त्यानं पाकीट दिलं. आत तुमच्या कचेरीची छोटी चिठ्ठी होती, हाताच्या तळव्याएवढी. तिच्यावर दोन शब्द.

"आईला सांगा."

ना मायना, ना सही. शिवी घातली असतीस तर बरं वाटलं असतं. तारीख मात्र टाकली आहेस.

तुला तिथून सांगायला सोपं आहे. मी एकदा प्रयत्न केला. काल संध्याकाळी ती तांदूळ निवडत बसली होती. मी म्हणालो, "अगं, तुला एक सांगायचंय." ती म्हणाली, "गोळी विसरलात ना दुपारची?" आणि उठली गोळी आणायला. पाणी घेऊन आली. मी गोळी गिळली. ती समोर उभी राहिली, गिळली का बघितलं, आणि पुन्हा जाऊन बसली. अशा बाईला काय सांगायचं, तूच सांग.

तुझ्या लेखात तू लिहिलं होतंस की मूळ अर्थ मेला तरी चार कोपऱ्यांत जिवंत राहतो आणि तिथे तो हजार वर्षंही राहू शकतो. ते वाचलं तेव्हा मला वाटलं, हे शब्दांचं असेल, माणसाच्या गोष्टी माणसाबरोबर जातात. आता मला तशी खात्री वाटत नाही. ती "दोन होती" म्हणते, तेव्हा त्यातली एक विनाकारण वजा झाली आहे हे या जगात आता आपल्या दोघांना ठाऊक आहे. आधी एकट्याला होतं. एकट्याला असताना झोप लागत होती, हे मला लिहायला लाज वाटते, पण लागत होती.

तू दुसरं पत्र पाठवणार नाहीस हे कळलं. थोडा वेळ दे. धीर गोळा करतो आहे. गोळा होतो आणि सांडतो.

तुझा बाप


बुधवार, १९ जानेवारी

चि.,

हे पत्र जलद टपालाने पाठवतो आहे, विमानाने जातं, उद्या तुझ्या हातात पडेल असं कंपाउंडर म्हणतो. आधी कामाचं. आई परवा, शुक्रवारी सकाळी साडेसहाच्या गाडीने तिकडे पोचेल. डबा मागून तिसरा. खिडकीची जागा आहे. तू स्टेशनवर जायचंस. दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस.

आता कसं झालं ते. सोमवारी दुपारी तिनं गादीची खोळ उसवायला घेतली होती. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं, तुला लिहिलं त्याच क्रमाने. मधे थांबलो नाही, थांबलो असतो तर राहिलं असतं. तिनं उसवणं थांबवलं नाही. माझं संपलं तेव्हा म्हणाली, "इकडच्या कानाशी येऊन पुन्हा सांगा."

मी उजव्या बाजूला जाऊन पुन्हा सांगितलं.

"उलटी करून दिलीत?"

"हो."

"आणि ती वाचत होती."

"हो."

"मी तिला काय बोलले होते ते तुम्ही ऐकलं होतंत."

"मी दारातच होतो."

मग तिनं विचारलं दादाचं. तो काय म्हणाला होता, नेमके शब्द. ते मी सांगितले. तेव्हा ती पहिल्यांदा हलली. खोळ बाजूला ठेवली, सुई खोळीला अडकवली, आणि माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "एकोणीस वर्षं रोज दोन वेळा माझ्या हातचं जेवलात तुम्ही. आणि पचलं." ओरडली नाही. मला वाटत होतं ओरडेल, वस्तू फेकेल, मग रडेल, मग मी पाय धरीन. हे सगळं मी मनाशी मांडून ठेवलं होतं. तसलं काही झालं नाही.

थोड्या वेळाने म्हणाली, "माळ्यावरची पेटी काढा."

मी म्हणालो, "कुठे जायचंय?"

"जिला मेल्यात धरून दोन होती म्हणत आले तिच्याकडे."

मी म्हणालो की ती तुला येऊ देईल की नाही ठाऊक नाही. ती म्हणाली, "नाही देणार तर पायरीवर बसेन. मला बसता येतं."

काल कंपाउंडर तिची थेंबांची बाटली द्यायला घरी आला. पेटी बघून म्हणाला, "काकू, एकट्याच निघालात?" ती म्हणाली, "दुकट्यानं फार दिवस काढले रे. आता एकटीनं बघते." तो हसला. त्याला काय कळणार.

आता नीट वाच. डाव्या डोळ्यात सकाळ-संध्याकाळ दोन थेंब, बाटली पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात आहे. जिना उतरताना तिला पायऱ्यांचा अंदाज येत नाही, पुढे राहा, मागे नको. गार पाणी देऊ नकोस. पहाटे उठते, तेव्हा तिला काहीतरी काम दे, रिकामी बसली की ती चिडते. ती तुला ओळखणार नाही. तिनं तुला बघितलं ते सतरा वर्षांची असताना, आणि साप्ताहिक मी तिला दिलं तेव्हा तिनं फोटो खिडकीत नेऊन खूप वेळ डोळ्यांजवळ धरला, पण तिला तेवढं बारीक दिसत नाही. तेव्हा तू हाक मार. उजव्या बाजूने, मोठ्याने. ती लगेच बोलली नाही तर घाबरू नकोस. काय बोलायचं ते तिला माहीत नाही. सोमवारपासून ती तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटते आहे. मी जवळ गेलो की थांबते.

माझी काळजी कुणी करू नये. करणार नाहीच तुम्ही, पण लिहायची रीत म्हणून लिहिलं. गोळ्या कंपाउंडरनं तीन डब्यांत घालून दिल्या आहेत, सकाळ, दुपार, रात्र. भात मला येतो. काल केला, खाली लागला.

आज दुपारी तिला गाडीत बसवून आलो. गाडी सुटायला वीस मिनिटं होती. मी खिडकीपाशी उभा राहिलो. ती समोरच्या बाईला विचारत होती, तिकडे थंडी असते का. माझ्याशी बोलली नाही. मी तिचं परतीचं तिकीटही काढलं होतं, पुढच्या महिन्याच्या सहा तारखेचं, आणि पेटीत वरच ठेवलं होतं. घरी येऊन दिवा लावला तर ते ओट्यावर होतं, मिठाच्या बरणीखाली, उडू नये म्हणून दाबून ठेवलेलं.

साडेसहाची गाडी कधी कधी लवकर येते. तू सहालाच जा.